रिकामा पाय, भरला पाय

आमच्या घरात त्या साली सगळ्यांच्या आधी उठायचे ते माझे चुलते, नाना, आणि उठून ते काहीच करायचे नाहीत. नुसते उभे राहायचे. आय जात्यावर नाचणी दळत बसलेली असायची, जात्याची घरघर चाललेली, चुलीत ओलं लाकूड चरचरतंय, आणि बाहेर खळ्यावर धुक्यात नाना मेढीसारखे उभे. गुडघे जरा वाकलेले, दोन्ही हात छातीपुढं गोल, जशी काही धान्यानं भरलेली कणगी कवटाळून धरलीय. बराच वेळ तसं उभं राहिल्यावर त्यांचे हात हलायला लागायचे, पण हलतायत हे डोळ्याला पटकन कळायचं नाही. हात वर आलेत एवढंच कळायचं, कधी आले ते नाही. मी पडवीत वाकळंवर पडून हे बघायचो, कारण बघण्याशिवाय मला दुसरं काही जमत नव्हतं.

मी हिरड्याच्या झाडावरनं पडलो होतो. शिमग्याच्या सुमाराला हिरडा पाडायला आमची सगळी वस्ती रानात जायची. पायाखालची फांदी वाळकी निघाली आणि मी पाठीवर, खाली दगडावर. पासली गावाच्या वरच्या अंगाला आमची घरं, तिथवर मला घोंगडीच्या झोळीत घालून आणलं. हाडवैद्यानं पाठ चोळली, लेप दिले, पट्टा बांधला. पावसाळा पडून काढला. उठलो तेव्हा डाव्या पायाला कायम मुंग्या, आणि कमरेत असा खिळा की वाकलो तर सरळ होता येईना. काठीच्या आधारानं घरातनं खळ्यापर्यंत जायचो एवढंच. माझ्या वयाची पोरं तेव्हा भाताची पोती पाठीवर घेऊन खिंड उतरत होती. ती जाताना दिसली की मी आत तोंड करून झोपायचो.

(हे सगळं माझं मी लिहितोय. शाळा तिसरीत सुटली. नातीनं फक्त ऱ्हस्वदीर्घ बघितलंय, आणि तिला सांगून ठेवलंय की माझे शब्द बदलायचे नाहीत.)

नाना पलटणीत होते. चीनच्या लढाईत बर्फात सापडले आणि धरले गेले. कित्येक महिने ते आहेत का गेलेत याचा पत्ता नव्हता. आले तेव्हा उजव्या पायाची बोटं बर्फानं खाल्लेली, आणि छाती अशी की चार शब्द बोलले की थांबायला लागायचं. सैन्यानं घरी पाठवलं. कैदेतलं ते फारसं काही सांगायचे नाहीत. एकच गोष्ट सांगायचे, तीसुद्धा मी पाठीस लागल्यावर. तिथल्या छावणीत मुळ्याचं पाणी उकळणारा एक म्हातारा आचारी होता. तो रोज सकाळी भट्टीमागं उभा राहून हे असं हात हलवायचा. नानांचे पाय काळे पडलेले, उभं राहता येत नव्हतं, तर एक दिवस त्यानं त्यांना बखोटीला धरून उभं केलं. एकाची बोली दुसऱ्याला कळत नव्हती. नानांनी गुडघा ताठ केला की तो गुडघ्यामागं पळीनं मारायचा. सगळं शिक्षण पळीनं झालं. त्या विद्येला तिकडं काय म्हणतात ते नानांना कधीच कळलं नाही, त्यामुळं त्यांनी आपलीच नावं ठेवली. हात गोल धरून उभं राहायचं ती कणगी. दोन्ही हात या बाजूनं त्या बाजूला न्यायचे ते पाखडणं. आणि चालायचं ते रिकामा पाय, भरला पाय.

मी म्हणालो, मला शिकवा. नाना म्हणाले, तुला जमणार न्हाई, तू हट्टी हायस. तेवढं बोलले नसते तर मी कदाचित दोन दिवसांत सोडलं असतं.

पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा तळहातावर थुंकून, दात आवळून, श्वास कोंडून उभा राहिलो, जसं पोतं उचलायचंय. मांड्या थरथरायला लागल्या. नानांनी हातातल्या शेवरीच्या काडीनं माझ्या गुडघ्यामागं टोचलं. म्हणाले, हितं कुलूप लावू नको. मग खांद्यावर टोचलं, हितं बी न्हाई. मग जबड्यावर. मी विचारलं, मग जोर कुठं लावू? नाना म्हणाले, कुठंच न्हाई. जोर लावून पडलास न्हवं झाडावरनं? आता जोर काढून उभा ऱ्हा. जीभ टाळूला टेकवायची. श्वास नाकानं घ्यायचा आणि बेंबीच्या खाली सोडून द्यायचा, विहिरीत घागर सोडल्यासारखा, दोर ओढायचा नाही. डोकं वर कुणीतरी केसाला धरून टांगलंय असं. हे ऐकायला सोपं आहे. करून बघा. कणगी धरून उभं राहिल्यावर आपल्या अंगात किती जागी आपण विनाकारण मुठी आवळून बसलोय ते कळतं, आणि मला तर सगळीकडंच मुठी होत्या.

चालणं त्याहून अवघड. नाना म्हणायचे, तुझे दोन पाय म्हंजे दोन घागरी. एकीतलं पाणी दुसरीत ओत. सगळं ओतलं का? थेंब ऱ्हायला का? थेंब असंल तर पाय उचलू नको. एक पाय पुरता रिकामा झाल्यावाचून उचलायचा नाही, आणि उचललेला टेकल्यावर लगेच त्यावर भार द्यायचा नाही. आधी जमीन हाय का बघ, म्हणायचे. माझा मुंग्यांचा डावा पाय भार घ्यायलाच तयार नव्हता. हिवाळाभर मी खळ्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत जायचो, तेवढ्यात आयची भाकरी भाजून व्हायची. पण माघ सरता काठी पडवीच्या आढ्याला टांगली ती टांगलीच.

आता मामांचं सांगतो. माझे मामा भाटघरला, धरणाच्या खालच्या अंगाला. त्यांची मुलगी शेवंता माझ्या नावाची होती, म्हणजे लहानपणापासून ठरलेलं, बोलायचीसुद्धा गरज नव्हती. मी पडल्यावर मामा एकदा बघून गेले. जाताना आयला म्हणाले, अक्का, बघू. त्या एका शब्दावर आय वर्षभर जगली. भाकरी थापताना मध्येच थांबायची आणि म्हणायची, बघू म्हंजे काय रं? सख्खा भाऊ हाय माझा. शेवंताला मी लहानपणी खेकडे धरायला शिकवलं होतं. तिच्याजागी दुसऱ्या कुणाचं तोंड माझ्या डोळ्यापुढं येतच नव्हतं, आणि लंगड्याला पोरगी द्या असं सांगायला जाणारा मी नव्हतो.

त्यात गावात निराळंच सुरू झालं. डोंगरावरच्या धनगरवाड्यातला एक माणूस सकाळी खळ्याजवळनं मेंढरं घेऊन चालला होता. त्यानं आम्हा दोघांना पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो नारळ घेऊन आला आणि नानांच्या पायाशी ठेवून हात जोडून बसला. त्याची एक मेंढी हरवली होती, ती कुठल्या अंगाला गेली ते त्याला विचारायचं होतं. त्याला वाटलं नानांच्या अंगात वारं येतं. नाना कणगी धरून उभे, श्वास बेंबीखाली, बोलेनात. तो म्हणाला, देवा, निस्तं बोट दावा. त्याच वेळी पाखडताना नानांचा हात ओढ्याकडं गेला. तो उठून पळाला, आणि मेंढी ओढ्यातच सापडली. झालं. चार दिवसांत खळ्यावर नारळ यायला लागले.

आता हसू येतं, तेव्हा आलं नाही. आमची वस्ती बौद्ध झाली त्याला फार वर्षं झाली नव्हती. घरातले देव पाटीत भरून नदीत सोडले होते, त्यातली एक पाटी माझ्या बाच्या डोक्यावर होती. बा गेला, पण त्यानं डोक्यावर नेलेलं ते ओझं आमच्या घराची इज्जत होती. वस्तीतले तात्या, ज्यांच्या शब्दावर सगळे चालायचे, ते दोघातिघांना घेऊन दारात आले. बसले नाहीत, चहा घेतला नाही. म्हणाले, आपण देव सोडलं, अंगात येणं सोडलं, पोतराजाचा आसूड जाळला, आणि तुमी खळ्यावर नारळ घेता? नानांनी सांगितलं की ही कवायत आहे, नारळ त्यांनी परत दिलेत. कुणाची कवायत, तात्यांनी विचारलं. नाना खोटं बोलायचे नाहीत. चिनी माणसाची, म्हणाले. त्यावर तात्यांनी सोबतच्यांना निघायची खूण केली. जाताना एवढंच म्हणाले की लावणी होईपर्यंत हे थांबलं नाही तर ह्या घराशी बेटीव्यवहाराचं बोलणं वस्ती करणार नाही. ते भाटघरला पोचायला किती वेळ लागतो. आखाड लागता लागता मामांचा निरोप आला: आमच्याकडं लावणीची इर्जिक हाय, धोंडूला पाठवा. धोंडू म्हणजे मी.

इर्जिक म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाचं शेत उरकायचं, आणि मालकानं जेवण घालायचं. पण जावई व्हायच्या पोराला इर्जिकीला बोलावतात ते जेवायला नव्हे, हे आमच्याकडं पोराटोरालाही ठाऊक. आयनं निघताना मला चुलीपुढं बसवलं आणि माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. तिथं हात हलवायचं न्हाईत, म्हणाली. वारं आलं म्हणतील आन संपंल सगळं. पाठ मोडली तरी चालंल, कळलं? नानांनाही तेच बजावलं. नाना सोबत येणार होते, तिनं म्हटलं, तुमी बांधावर बसा आन गप ऱ्हावा. डोंगर उतरून, अर्धी वाट चालत आणि पुढं एसटीनं आम्ही गेलो. एसटीच्या हादऱ्यांनी माझी कमर निम्मी तिथंच गेली होती, पण मी नानांना सांगितलं नाही. त्यांना न सांगताच कळलेलं असणार.

मामांचं खाचर मोठं होतं, आंबेमोहराचं. पाऊस बारीक लागून राहिलेला, डोक्यावर इरली, खालून नदीचा एकसारखा आवाज. भाताची लावणी मागं सरकत करतात. पुढ्यात रोपं खोचत जायचं, पाय मागं घेत जायचं, सगळी रांग एका दमानं. त्यात एक गंमत असते. जो मागं सरकायला कमी पडतो, त्याच्या दोन्ही बाजूची माणसं मागं सरकत निघून जातात आणि मग त्याच्या पाठीमागनंही रोपं लावून त्याला मध्ये कोंडून टाकतात. कोंडलेल्यानं लावलेल्या रोपांतनं बाहेर यायचं. मोडलेल्या प्रत्येक रोपाला सगळे ओरडतात. चांगला गडी दोन उड्यांत बाहेर पडतो, चार रोपं मोडतात, हशा होतो, संपलं. मामांनी मला रांगेच्या मधोमध उभं केलं, दोन्हीकडं त्यांचे दोन तरणे पुतणे. मी मामांच्या तोंडाकडं बघितलं. ते दुसरीकडं बघत होते.

सकाळ मी काढली. मुंग्या मांडीपर्यंत आल्या तरी काढली. पुतणे गाणं म्हणत लावत होते, मी दात आवळून. दुपार कलायच्या आत खिळा बसला. वाकलेलो होतो तसाच राहिलो. उजवीकडचा पुतण्या मागं सरकत निघून गेला, मग डावीकडचा. कुणीतरी म्हणालं, आरं, पाव्हणं दमलं. एक म्हातारी म्हणाली, दमलं न्हाई, रोपं मोजत्यात. आणि हसता हसता त्यांनी माझ्या मागनं रोपांच्या ओळी टाकत नेल्या. मी वर बघितलं तेव्हा चारी बाजूंनी हिरवं झालं होतं आणि बांध लांब होता. रांग थांबली. सगळे कमरेवर हात ठेवून उभे, माझी उडी बघायला. शेवंता बायकांच्या टोळक्यात होती, तिच्या हातात रोपांची जुडी तशीच.

उडी मला येणार नव्हती. उभं राहावं तर चिखलात पाय खाली खाली जातो, थांबशील तितका रुतशील. वाकलेली पाठ सरळ होत नव्हती. हाताला धरून बाहेर काढलं असतं तर शेवंता गेली. मी तसाच आडवा झालो असतो तरी गेली. आणि जे मला येत होतं ते आयच्या डोक्यावर हात ठेवून सोडलेलं. मामा बांधावर दोन पावलं पुढं आले आणि थांबले. मग बांधावरनं नाना बोलले. आयला शब्द दिलेला माणूस, पण बोलले. एकच शब्द.

"रिकामा."

मी श्वास सोडला. बेंबीखाली, घागर सोडल्यासारखा. जबड्यातली मूठ सोडली, खांद्यातली सोडली, कमरेतली सोडवेना, तिला राहू दिलं. हात आपले आपणच वर आले, कणगी धरली. पाठ त्या हातांच्या मागनं सरळ होत आली, इतकी हळू की मलाच कळलं नाही. बायकांतनं कुजबूज आली, वारं आलं. कुणीतरी म्हणालं, नारळ आणा. आणि एक म्हातारा रागानं ओरडला की आमच्यात हे चालत न्हाई, बाहेर काढा त्याला. मी ऐकत होतो. मी डाव्या पायातलं पाणी उजव्यात ओतत होतो. सगळं ओतलं. थेंब राहिला का बघितलं. मग डावा पाय चिखलातनं सरळ वर, बोटं खाली, आणि दोन ओळींच्या मध्ये सरळ खाली. जमीन हाय का बघितलं. मग उजवा. हात एकीकडनं दुसरीकडं पाखडत होते, कारण हात हलले नाहीत तर कमर वळत नाही. पाऊस तोंडावरनं गळ्यात उतरत होता. त्या खाचरातनं बांधावर यायला मला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. म्हातारा ओरडायचा थांबला तेवढं आठवतं. आणि पाय बांधाच्या गवताला लागला तेव्हा सगळे मामांच्या तोंडाकडं बघत होते.

मामा नानांना म्हणाले, हे तुमी शिकवलं? नाना व्हय म्हणाले. त्या म्हाताऱ्यानं पुन्हा सुरू केलं, की वस्तीनं देव सोडलेत आणि हे पोरगं भर खाचरात वारं आणतंय, असल्या घरात पोरगी. आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत शेवंता बोलली. लग्नाच्या बोलण्यात पोरीनं तोंड उघडायचं नसतं, तेही चारचौघांत.

"वारं आलेला मानूस रोपं तुडवतो," ती म्हणाली. "ह्येंनी एक तरी मोडलं का, बघा की जाऊन."

आणि लोक खरंच बघायला गेले. मामाही गेले. इरलं मागं सारून, वाकून, ओळीनं बघत गेले. पायाचे खळगे पाण्यानं भरत होते आणि प्रत्येक खळग्याच्या दोन्ही बाजूला रोप उभं होतं. मामा सरळ झाले, पण हो नाही की ना नाही. म्हणाले, जेवायला चला.

जेवण पडवीत झालं. सुकटीचं कालवण, नवा लसूण, भात. मामांनी मला वाढलं तसंच सगळ्यांना वाढलं, कमी नाही जास्त नाही. पुतण्यांपैकी एकानं विचारलं, पाव्हणं, मेंढी कुठं हाय सांगता का? आणि सगळे हसले, मीसुद्धा हसलो, पण मामा नाही हसले. रात्री आम्हाला मुक्कामाला ठेवलं, तेही चांगलं का वाईट ते कळेना. नाना लगेच घोरायला लागले. बर्फात दिवस काढलेला माणूस, त्याला कुठंही झोप यायची.

आज माझ्या नातवाच्या मोबाईलवर असलीच कवायत दिसते. कुठल्यातरी शहरातल्या बागेत पांढरे कपडे घातलेली माणसं, मागं वाजंत्री. तो मला तिचं नाव सांगतो, मी विसरतो. त्यांचे गुडघे बघतो मी. निम्म्यांनी कुलूप लावलेलं असतं.

सकाळी उजाडायला आलं तेव्हा मी मागच्या दारानं बाहेर पडलो. कमर धरली होती आणि आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून गोठ्यामागं मोकळी जागा होती तिकडं निघालो. तिथं आधीच कुणीतरी होतं. मामा. खांद्यावर घोंगडी, तोंड भिंतीकडं, दोन्ही हात छातीपुढं गोल, ताठ, जसं कुणी त्यांना बांधून ठेवलंय. गाडी हाकून हाकून त्यांची कंबर कित्येक वर्षं धरलेली होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडावर कुणी बोलायचं नाही. माझी चाहूल लागली तसे हात खाली घेऊन त्यांनी घोंगडी सावरली, खाकरले, गोठ्याकडं बघितलं, बैलाकडं बघितलं. मला वाटलं आता नाही म्हणणार, आणि म्हणायला मी त्यांना बरोबर एकटा सापडलोय.

जन्मल्यापासून मला ते अरे धोंड्या म्हणत आलेले. त्या सकाळी ते माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाले, "जावई, गुडघा किती वाकवायचा असतोय? दावा की जरा. आन अक्काला सांगू नका."

मी त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो. त्यांचे खांदे कानापर्यंत चढले होते आणि छाती फुगवलेली तशीच अडकून होती, बहुतेक कालपासून.

"गुडघ्याचं मागनं बघू, मामा," मी म्हणालो. "आधी श्वास सोडा."